बसलेली सांदणं

"जमातीचं जमातीत राहू दे, पोरी. तारखेला मात्र तू जाऊन ये."

अम्मी असं म्हणाल्या तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या निळ्या फाटकात उभ्या होतो. बैठक नुकतीच उठली होती. माझ्या हातात सांदणांचा डबा होता आणि गाडीत माझी लेक लाइबा चपला काढून मागच्या सीटवर आडवी झाली होती. तारीख त्यांच्याच मुलाने माझ्यावर घातलेल्या केसची, आणि तिथे जा म्हणून सांगत होती सासू. मला हसू आलं.

"आता कशाची तारीख, अम्मी? हमीदचाचांनी सगळ्यांसमोर मिटवलंय. मी कोर्टात गेले हे त्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील, पोरीचा आमच्यावर भरवसा नाही."

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून लावलं.

वाटेत मी दानियालला सांगितलं, अम्मींना स्वतःच्या मुलाचा भरवसा वाटत नाही बघ. दानियाल माझा धाकटा भाऊ. मला बुबू म्हणतो आणि न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. "बुबू, मला तर त्या घरात कोणाचाच वाटत नाही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं उरण येईपर्यंत हसत होतो.

माझा नवरा तबरेज दोह्याहून सुट्टीवर आला होता तेव्हाची ही गोष्ट. आमचं एकत्र राहणं संपलं होतं, पण तलाक झाला नव्हता. मी नोकरी सोडून चौलला अम्मींजवळ राहावं असं त्याला वाटायचं, आणि मला उरणचं ऑफिस सोडायचं नव्हतं. शेवटी त्याने लाइबाच्या ताब्यासाठी अलिबागच्या कोर्टात अर्ज केला. तेव्हा जमात बसली. लाइबा आईजवळ राहील, सुट्ट्यांमध्ये दादीकडे येईल, तबरेज केस मागे घेईल, असं ठरलं. तबरेजने मान हलवून शब्द दिला. दुआ म्हणून फातेहा पढली गेली, सांदणं खाल्ली गेली. आमच्याकडे एवढं झालं की झालं. त्यानंतर कोर्टाची पायरी चढणं म्हणजे बैठकीतल्या प्रत्येक पांढऱ्या दाढीच्या माणसाला खोटं पाडणं.

मी क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागद बघते. एक सही कमी असली तर कंटेनर गेटबाहेर पडत नाही, हे मी रोज फोनवर लोकांना ऐकवते. माझ्या मुलीच्या बाबतीत मात्र मला एका फातेहावर झोप लागली.

केस मागे घेतली गेली नाही. तारखा पडत राहिल्या, मी गेले नाही, आणि निकाल एकतर्फी लागला. आई वारंवार बोलावूनही हजर राहत नाही, तिला मुलीच्या भवितव्यात रस दिसत नाही, असं त्यात लिहिलं होतं. ती ओळ मी वाचली तेव्हा लाइबा माझ्या मांडीवर बसून बिस्कीट चहात बुडवत होती. बेलिफ आला त्या दिवशी ती शाळेचं दप्तर घेऊन आनंदाने दादीकडे जायच्या गाडीत बसली. तिला वाटलं, सुट्टी लागली.

*

"अपील तर टाकू हायकोर्टात, बेन," हितेशभाई म्हणाले. अलिबागला त्यांचं ऑफिस एका मिठाईच्या दुकानावर आहे, त्यामुळे कितीही वाईट बातमी असली तरी ती तुपाच्या वासातच ऐकावी लागते. "पण तिकडे पयला सवाल हाच येणार, तुम्ही तारखेला का नाय आल्या? तुम्ही बोलणार, जमातीत मिटलेलं. समोरचा वकील बोलणार, कुठली जमात, कोणी मिटवलं? मग आपल्याकडे बोलायला कोण?"

"मी होतो ना बैठकीत," दानियाल म्हणाला.

"तू भाऊ. तू बेनसाठी आणखी पन काय काय बोलशील. मला त्यांच्यातला माणूस पायजे. एक ॲफिडेव्हिट, बस. आणि लवकर. पोरीचा पासपोर्ट झालाय. तो तिला घेऊन दोह्याला गेला की अपील इथे आणि पोरगी तिथे."

तबरेजची बहीण दोह्याला असते. लाइबाला तिच्याकडे ठेवायचं चाललं होतं. तबरेज पुन्हा सुट्टीवर आला होता, आणि तीही सुट्टी संपत आली होती.

मी हमीदचाचांना फोन केला. हे तबरेजचे मोठे चुलते, जमातीचे सदर म्हणजे प्रमुख. बैठकीत काय ठरलं ते कोर्टासाठी लिहून द्याल का, हा माझा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाले, "जुम्म्यानंतर ये. बसून बोलू."

*

शुक्रवारी बैठक पुन्हा अम्मींच्याच घरी होती. मुलाकडच्या घरी बसायचं, ही पद्धत. पुरुष ओटीवर, बायका आत. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय ठेवला आणि लाइबा धावत येऊन माझ्या कमरेला बिलगली. मी आधी तिची नखं बघितली, मग कानामागे, मग गुडघे. नखं कापलेली, केसांना तेल, दोन घट्ट वेण्या. हसली तेव्हा पुढचा खालचा दात नव्हता.

"दात पडला, मम्मा. दादीने कौलांवर टाकला."

माझ्या मुलीचा पहिला दात माझ्या माघारी पडला होता. मी खाली बघून तिची ओढणी नीट करत राहिले. लाइबा पुढे म्हणाली, "दादी म्हणाली मम्माला दाखवायला ठेवला असता, पण मग नवीन येत नाही. दादी म्हणाली, तुझी मम्मा येणारच हाय."

मी वर बघितलं. अम्मी वाट्यांमध्ये पीठ ओतत होत्या. नारळाच्या पाण्यात आंबवलेलं तांदळाचं पीठ, वर बुडबुडे आलेलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. इतके दिवस मला एकच भीती होती की तिथे लाइबाला कोणी सांगेल, तुझ्या आईने तुला सोडलं. त्या घरात असं कोणी बोलू शकलं नव्हतं, आणि का, ते मला त्या क्षणी कळलं.

"शिकलेली सून आणली की असं होतं," चाची म्हणजे हमीदचाचांच्या बायको खोबरं खवताना कोणाला तरी म्हणाल्या. "आमच्या वेळी कोर्ट कुठल्या दिशेला हाय तेपण ठाव न्हवतं."

"तुमच्या वेळी हमीदभाई घरी होते," अम्मी पीठ ढवळत म्हणाल्या. "गल्फला न्हवते."

चाची पुन्हा खोबरं खवू लागल्या. ओटीवरून चाचांचा आवाज आला.

"आतिफा, तू आतून ऐकतेस ना? तू मागतेस ते मी देऊ शकत नाही, बेटा. बैठकीत बसलेला माणूस बैठकीतलं बाहेर नेत नाही. माझ्या अब्बांनी नेलं नाही. जंजिऱ्यापासून उरणपर्यंत लोक आमच्याकडे भांडणं आणतात, कारण ती इथे पुरली जातात. उद्या मी कोर्टात जाऊन बोललो की अमक्याने तमकं कबूल केलेलं, तर परवापासून इथे कोण तोंड उघडेल?"

"आणि ह्याने शब्द मोडला त्याचं काय?" दानियालचा आवाज.

"तू खाली बस."

"बसतो. पण त्याला विचारा."

चाचांनी विचारलं. "तबरेज, तू शब्द दिला होतास."

"दिला होता," तबरेज म्हणाला.

का मोडला, ते त्याने सांगितलं नाही. आत मला त्याच्या त्या गप्प बसण्याचा इतका राग आला की माझ्या हातातली वाटी पिठासकट कलली.

*

तो का गप्प होता, ते त्याने मला बऱ्याच काळाने सांगितलं. आता लाइबाशी बोलायला तो दर शुक्रवारी फोन करतो. एकदा ती झोपली होती म्हणून आमचं दोघांचंच बोलणं झालं. त्यासाठीही मी शुक्रगुजार आहे.

पहिल्या बैठकीनंतर तो दोह्याला गेला तेव्हा वकिलाला केस मागे घ्या म्हणून सांगणारच होता. एका संध्याकाळी त्याने व्हिडिओ कॉल केला. खोलीतले बाकीचे आपापल्या पलंगांवर आपापल्या घरांशी बोलत होते. लाइबाने फोन उचलला, त्याच्याकडे नीट बघितलंही नाही, आणि मागे वळून दानियालला हाक मारली, "अब्बा, फोन आलाय."

घरात आम्ही सगळे हसलो होतो. दानियालच तिला रोज शाळेत सोडायचा, तिच्या तोंडातून निघून गेलं. पण तिकडे पडद्यावर तबरेजने ते ऐकलं, आणि आमचं हसणंही ऐकलं.

"त्या दिवशी मी वकिलाला फोन केला नाही," तो मला म्हणाला. "दुसऱ्या दिवशीपण नाही. मग निकालच आला. मला वाटलं, अल्लाहने दिली."

ओटीवर चाचा विचारत होते तेव्हा हे सगळं त्याच्या मनात होतं. चार माणसांत सांगायचं कसं, की मुलीने दुसऱ्याला अब्बा म्हटलं म्हणून मी शब्द मोडला. म्हणून तो फक्त एवढंच म्हणाला, "कोर्टाने दिलंय, चाचा. मी कोणाकडून हिसकावून नाही आणली."

*

इकडे अम्मींच्या मनात काय चाललं होतं, ते त्यांनी मला एकाच वाक्यात सांगितलंय. पुढे मुंबईला जाताना लाँचमध्ये, वारा लागू नये म्हणून पदर कानावर घट्ट धरून. "मी सांदणं मोजत होते, आणि मोजता मोजता मला तुझा चेहरा दिसला. फाटकात हसली होतीस ना, तसा." बाकीचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं.

त्यांनी वाफेच्या टोपावर झाकण ठेवलं. गॅस मोठा केला. हात पदराला पुसले, आणि ज्या दारातून त्या कधी ओटीवर गेल्या नव्हत्या, निदान बैठक भरलेली असताना नाही, त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"हमीदभाई, मी बोलू का?"

ओटीवरच्या माना दाराकडे वळल्या. चाचा म्हणाले, "बोल, महेरुन्निसा."

"बैठकीत बसलेला माणूस बाहेर बोलत न्हाय. बरोबर?"

"बरोबर."

"मी बसले होते का बैठकीत?"

उत्तराची वाट न बघता अम्मी पुढे म्हणाल्या,

"मला कधी बसवलं न्हाय तुम्ही. ह्या घरात तुमच्या किती बैठका झाल्या, मी आतून चहा दिला, सांदणं दिली, भांडी घासली. मला कोणी विचारलं न्हाय की महेरुन्निसा, तुझं काय म्हणणं? मी तक्रार करत न्हाय. पण जी बसलीच न्हाय तिला बसलेल्यांचा नियम कसा लागतो, ते मला समजवा."

चाचा म्हणाले, "अगं, तू आत होतीस. आतून तुला काय ऐकू येणार? टोप चढलेला, बायकांची बडबड."

"त्या दिवशी सांदणं कशी होती, आठवतं?"

"काय?"

"सांदणं. तुम्हीच बोललात. महेरुन्निसाच्या हातची सांदणं आज बसली कशी, बोललात. सगळे हसले."

ओटीवरचे एक म्हातारे मान हलवून म्हणाले, "व्हय. रबरासारखी होती."

"मी गॅस बंद केला होता," अम्मी म्हणाल्या. "टोप फुसफुसत होता, त्यात तुमचं बोलणं ऐकू येत न्हवतं. माझ्या नातीचं ठरत होतं. सांदणं बसली तर बसली, मनात बोलले. तबरेज काय बोलला ते मी शब्दान् शब्द ऐकलंय. 'लाइबा आतिफाजवळ राहू दे, मी केस काढून घेतो.' असंच बोललास ना, बाबू?"

लाइबा माझ्या हाताला धरून उभी होती. तबरेज उठला. त्याचा चेहरा मला दारातून अर्धाच दिसत होता.

"अम्मी, तू कोर्टात माझ्याविरुद्ध उभी राहणार?"

"तुझ्याविरुद्ध न्हाय. तू बोललास तेच बोलणार. ते तुझंच हाय."

"बोल ना सरळ, तुला पोरगी स्वतःजवळ हवी. दोह्याला जाऊ नये, म्हणून हे सगळं."

"हवी हाय," अम्मी म्हणाल्या. "रोज हवी हाय. म्हणून मी ऐकलेलं खोटं ठरतं काय?"

मागे चाची पुटपुटल्या, "स्वतःच्या पोटच्या मुलाला कोण असं करतं." त्या क्षणी मला अम्मींच्या जवळ जाऊन उभं राहायचं होतं. मी उंबऱ्यातच राहिले. लाइबा मात्र माझा हात सोडून गेली आणि दादीच्या साडीचा काठ धरून उभी राहिली. तिला काहीच कळत नव्हतं. तिला फक्त सांदणं कधी होणार ते विचारायचं होतं, आणि तिने ते विचारलंही.

हमीदचाचा हसले. त्यांचं ते हसणं मी विसरणार नाही. थकलेलं होतं, पण त्यात कुठेतरी सुटका होती. मग काठी घेऊन उठत म्हणाले, "जमातीचा माणूस कोर्टात बोलणार नाही. ते ठरलेलं आहे आणि ते तसंच राहील." चपला शोधताना पाठमोरेच पुढे म्हणाले, "महेरुन्निसा बसलेली नव्हती. ती काय करते, ते जमातीला विचारायचं कारण नाही."

तबरेज न जेवता निघून गेला. त्या दिवशीची सांदणं इतकी फुगली होती की टोपाच्या झाकणाला लागली. अम्मींनी एकही खाल्लं नाही.

*

अलिबागला हितेशभाईंच्या ऑफिसात अम्मींनी सगळं सांगितलं. टाइप झालेलं मी त्यांना वाचून दाखवलं.

"ह्यात सांदणं न्हाईत," त्या म्हणाल्या.

"मासी, हायकोर्टात सांदणं कशाला?"

"मग ते विचारतील, म्हातारीला आतून ऐकू कसं आलं? तेव्हा तू काय सांगशील?"

हितेशभाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मग सांदणं टाइप केली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी अम्मी उरणला आमच्याकडे राहायला आल्या. सकाळी ओहोटीच्या आधीची लाँच पकडून आम्ही मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला गेलो. कोर्टात आमचा नंबर लागला तेव्हा समोरच्या वकिलांनी जमात वगैरे सगळी रचलेली कथा आहे असं म्हणायला सुरुवात केली. न्यायमूर्ती बाई ॲफिडेव्हिट वाचत होत्या. एका जागी थांबल्या, चष्म्यावरून मागच्या बाकांकडे बघितलं आणि विचारलं, "ह्या आजी आल्या आहेत का?" अम्मी उठून उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. बास, एवढंच. पण मला माहीत आहे कुठली ओळ होती ती.

त्या दिवशी अलिबागच्या निकालाला स्थगिती मिळाली, आणि लाइबाला देशाबाहेर नेऊ नये असा आदेश झाला. पुढे अपील मंजूर होऊन निकालच रद्द झाला. केस पुन्हा अलिबागला आली आहे, ती नव्याने चालेल, तोवर लाइबा माझ्याजवळ. तबरेजला दर शुक्रवारी फोन, आणि सुट्टीवर आला की भेट. मी त्याला हरकत घेतली नाही. आता मी प्रत्येक तारखेला जाते. काही काम नसेल तरी जाते. पट्टेवाला मला ओळखतो.

लाइबा ह्या क्षणी माझ्या शेजारी पाय पसरून झोपली आहे. तिचा तो दात आता अर्धा आलाय, किंचित वाकडा. मी अजूनही मध्येच उठून तिच्या नाकाखाली बोट धरते. बोटाला श्वास जाणवतो. अल्हम्दुलिल्लाह म्हणते आणि पडते. मला परत मिळालेल्या ह्या श्वासामागे कोणाचं काय गेलं, ते मला माहीत आहे.

तबरेज माझ्याशी बोलतो, आईशी बोलत नाही. चाचींकडून रमजानात इफ्तारीचं ताट यायचं, ते आलं नाही. शेजारणी अम्मींकडे पीठ आंबवायची वेळ विचारायला यायच्या, आता यूट्यूबवर बघतात. हमीदचाचा रस्त्यावरून जाताना काठी उचलून सलाम करतात, पण फाटक उघडत नाहीत. सदर आहेत ते. मी फोन करते तेव्हा अम्मी म्हणतात, "सगळं बरं हाय, लाइबाला दे." मागे कसलाही आवाज नसतो. टीव्हीचासुद्धा नाही.

मी त्यांना उरणला चला म्हणाले. दानियालही म्हणाला, "अम्मी, माझी खोली घ्या, मी तसाही ट्रेलरमध्येच झोपतो." त्या म्हणाल्या, "नारळ कोण बघेल? आणि तबरेज आला आणि घर बंद दिसलं तर?"

शनिवार-रविवारी मला जमतं तेव्हा मी जाते. पण नोकरी आहे, तारखा आहेत, लाइबाची शाळा आहे. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यातले कितीतरी जण नागावला समुद्रावर येता, राहता, मासे खाता. तिथून चौलकडे निघालात की मशिदीच्या पुढे डाव्या हाताला नारळाची वाडी लागते, आणि तिला निळं फाटक आहे. जरा थांबा. पाणी मागा, किंवा शहाळं आहे का विचारा. महेरुन्निसा आहेत का, म्हणून हाक मारा. त्यांना नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नाही. त्या तुम्हाला खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत. सांदण दिलं तर बोटाने दाबून बघा. फुगलेलं असेल तर काळजी नाही. पण बसलेलं असेल, तर फाटक वाजतं का ते ऐकायला त्यांनी पुन्हा गॅस बंद केला होता असं समजा, आणि त्यांच्याजवळ थोडा जास्त वेळ बसा.